फँटम पेन : नसलेल्या पायाचं दुखणं आणि गोळ्यांच्या जोडीचे उपाय

मुक्ताफळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझ्या बाबांचा उजवा पाय मधुमेहातल्या गँगरीनमुळे गुडघ्याखाली काढावा लागला. जखम नीट भरली, टाके निघाले, साखरही आता आटोक्यात आहे. दुखतंय ते मात्र जो पाय नाही त्याचंच. बाबांच्या शब्दांत सांगायचं तर, "कुणीतरी अंगठा बाकीच्या बोटांवर चढवून पिळतंय." रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. कधी तळव्याची आग, कधी पार बोटांच्या टोकापर्यंत जाणारी सणक. लघवीला गेले की हटकून एक कळ येते, हे तर त्यांनी लाजेपोटी कितीतरी दिवस सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी 'फँटम पेन' आहे म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. थोडा फरक आहे, पण दिवसभर झापड असते आणि डोस आणखी वाढवायला बाबा तयार नाहीत. गोळ्या आपल्या मनाने बंद करणार नाही, निश्चिंत असा. मला विचारायचंय ते गोळ्यांच्या जोडीने काय करता येईल याबद्दल. आरसा, टेन्स मशीन (कातडीवर पॅड लावून हलका करंट देणारं), मसाज, संमोहन, व्हीआर (चष्म्यातलं आभासी जग) असं बरंच वाचलं. पण आधी काय करायचं, घरी काय चालतं आणि कशाने उलट त्रास वाढतो, हे एका जागी कुठे सापडेना.

आणि हो, घरातल्या एका ज्येष्ठांचं "पाय नाही तर दुखेल कसा, मनाचे खेळ आहेत सगळे" हे पालुपद चालूच आहे. त्यावरही उतारा असेल तर सांगा.

नसनस

ज्येष्ठांच्या पालुपदाबद्दल आधी.

अँब्रोआझ पारे नावाच्या फ्रेंच सैनिकी सर्जनने सोळाव्या शतकातच लिहून ठेवलंय की पाय कापलेले सैनिक नसलेल्या पायाच्या दुखण्याबद्दल तक्रार करतात. 'फँटम लिंब' हे नाव १८७१ मध्ये सायलस वेअर मिचेल या अमेरिकन डॉक्टरने रूढ केलं. यादवी युद्धातले हातपाय गमावलेले शेकडो सैनिक त्याच्या पाहण्यात होते. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या १९८४ सालच्या एका मोठ्या पाहणीत उत्तरं देणाऱ्यांपैकी ७८ टक्के लोकांनी असं दुखतं म्हणून सांगितलं. २०२० मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे न दुखणारेच कमी. एवढ्या लोकांचं मन एकाच प्रकारे खेळ करतं असं म्हणायचं असेल तर म्हणू द्या बापडे.

आता कारण. पाय जातो, पण मेंदूतला पायाचा नकाशा जागेवर असतो. कापलेल्या नसांची टोकं आपापले संदेश पाठवत राहतात, मज्जारज्जूत त्यांचा आवाज मोठा होत जातो, आणि मेंदू 'बोट हलव' असा हुकूम सोडतो तेव्हा 'हललं' अशी पोच मात्र परत येत नाही. दुखणं नेमकं यातल्या कुठल्या पायरीवर तयार होतं यावर अजून वाद आहे. १९९५ मध्ये जर्मनीतल्या हेर्टा फ्लोर यांच्या गटाने दाखवलं की हात गमावलेल्यांच्या मेंदूत शेजारचा भाग हाताच्या जागेवर जितका सरकतो तितकं दुखणं जास्त. २०१३ मध्ये तमार माकिन यांच्या गटाने जवळजवळ उलट चित्र मांडलं. नसलेला हात हलवायला सांगितला तर मेंदूतली हाताची जागा छान उजळते, आणि दुखणं जास्त असणाऱ्यांत तर ती अधिकच शाबूत दिसते. भांडण चालू आहे, पण 'मनाचे खेळ' असं दोन्हीकडचे म्हणत नाहीत.

वाटसरू

वाचनखूण साठवली. माहीतगार लोकांनी लिहा.

खडूस_फिजिओ

मुक्ताफळ, बाबांचं वर्णन तुम्ही चांगलं टिपलंय. मी याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पण इथे वाचून त्यांच्या पायावर निदान करणार नाही, ते तपासणाऱ्यानेच करायचं.

आरसा विकत आणण्याआधी एक गोष्ट वेगळी करून घ्या. पाय काढल्यावर तीन निरनिराळ्या गोष्टी जाणवतात आणि घरचे तिन्हीला एकच नाव देतात. पहिली, नसलेला पाय नुसता 'आहे' असं वाटणं. मुंग्या, खाज, कोमटपणा. हे जवळजवळ सगळ्यांना होतं आणि त्रास नसेल तर काही करायची गरज नाही. दुसरी, त्या नसलेल्या भागात दुखणं, म्हणजे खरं फँटम पेन. तिसरी, उरलेल्या पायात, स्टंपमध्येच दुखणं. हे तिसरं बाजूला काढणं फार महत्त्वाचं, कारण त्याचं कारण बहुतेकदा सापडतं आणि दुरुस्त होतं. घट्ट किंवा सैल झालेलं सॉकेट (कृत्रिम पायाचा स्टंप बसतो तो खोलगट भाग), हाडाचं टोक टोचणं, आतला जंतुसंसर्ग, कमी रक्तपुरवठा, चिकटलेला व्रण, नाहीतर कापलेल्या नसेच्या टोकाला आलेली गाठ, जिला न्यूरोमा म्हणतात.

न्यूरोमाची एक साधी खूण. स्टंपच्या एका ठरावीक ठिकाणी बोटाने हलकं टिचकवलं की शॉक बसावा तशी कळ थेट नसलेल्या बोटांत जाते. दर वेळी त्याच जागी, तशीच. असं असेल तर आरशापुढे महिनाभर बसून उपयोग नाही. आधी सर्जनला दाखवा, सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये ती गाठ दिसू शकते.

बाबांच्या दुखण्याचा पोत कसा आहे याकडेही लक्ष ठेवा. रिचर्ड शर्मन नावाच्या संशोधकाने यावर बरीच वर्षं काम केलं. वांब आल्यासारखं, पिळल्यासारखं दुखतं तेव्हा बऱ्याचदा त्याच्या आधी स्टंपचे स्नायू आखडलेले सापडतात. आग होते तेव्हा स्टंप गार पडलेला, रक्तप्रवाह कमी झालेला सापडतो. सुरी खुपसावी तशी सणक मात्र या दोन्हींत बसत नाही. म्हणून पिळणाऱ्या दुखण्यात स्नायू सैल करण्याचे व्यायाम, आग होण्यात स्टंप उबदार ठेवणं, असा उपाय निवडता येतो. बाबांना तिन्ही प्रकार होताहेत, त्यामुळे एकाच उपायाने तिन्ही जावेत अशी अपेक्षा ठेवू नका.

लघवीच्या वेळची कळ ही या दुखण्यात ओळखीची गोष्ट आहे. शौचाच्या वेळीही होते. त्यांना सांगा, लाजण्यासारखं काही नाही.

आरशाचं पुढच्या प्रतिसादात लिहितो.

शंकेखोर

आरसा म्हणजे ते मेंदूतज्ज्ञ रामचंद्रन यांचं खोकं ना? मला ते नेहमी जादूच्या प्रयोगासारखं वाटत आलंय. आरशात पाय दिसला म्हणून दुखणं थांबतं, याला पुरावा काय? की ज्याला बरं वाटलं त्यानेच सांगितलं आणि बाकीचे गप्प बसले?

एकहाती

शंकेखोर, मी त्या 'ज्याला बरं वाटलं' वाल्यांपैकी, तेव्हा माझं म्हणणं अर्धंच धरा.

माझा डावा हात कोपराखाली गेला, कामावरच्या यंत्रात. नंतर कितीतरी काळ ती मूठ आवळलेली होती. नसलेली मूठ. नखं तळहातात रुतत होती, आणि उघडायची म्हटलं तर उघडायचं काय? फिजिओने टेबलावर छातीसमोर आरसा उभा केला, स्टंप मागे, उजवा हात पुढे. घड्याळ आणि अंगठी काढायला लावली. मग म्हणाल्या, आधी उजवी मूठ अगदी डावीसारखीच आवळा. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी सरळ उघडा हात आरशासमोर धरायचो आणि आरशातला हात माझा वाटायचाच नाही, कारण माझा तर मिटलेला होता! दोन्ही सारख्या आवळल्या, बघत राहिलो, आणि मग एकेक बोट सावकाश उघडलं. करंगळीपासून. तिसऱ्या बोटापाशी आत काहीतरी सुटलं. मला रडू फुटलं, ते दुखण्याने की कशाने ते सांगता येणार नाही.

दुखणं कायमचं गेलं का? नाही. दमलो, झोप झाली नाही, हवा बदलली की मूठ पुन्हा वळते. पण आता ती कशी उघडायची ते येतं.

खडूस_फिजिओ

एकहाती यांनी सांगितलेली 'आधी तशीच आवळा' ही गोष्ट अर्ध्याहून अधिक घरगुती प्रयत्नांत राहून जाते.

पायासाठी आरसा असा लावा. पलंगावर दोन्ही पाय लांब करून, पाठीला टेका देऊन बसायचं. लांबट आरसा दोन्ही पायांच्या मधे, लांब कड पायांच्या दिशेने येईल असा उभा धरायचा, चकाकती बाजू चांगल्या पायाकडे. स्टंप आरशाच्या मागे पूर्ण झाकलेला. थोडं चांगल्या बाजूला झुकलं की आरशात जो पाय दिसतो तो बरोबर नसलेल्या पायाच्या जागी पडला पाहिजे. आरसा वाकडंतिकडं दाखवणारा नको. फुटणाऱ्या काचेपेक्षा ॲक्रिलिक बरं. मोजा काढा. पायावर ठळक खूण, गोंदण, पट्टी असेल तर झाका, नाहीतर डोळे फसत नाहीत.

सुरुवातीला हलवू नका. नुसतं बघा, तो पाय आपला वाटेपर्यंत. मग चांगला पाय नसलेल्या पायासारख्या स्थितीत आणा. बाबांचा अंगठा बोटांवर चढलेला वाटतो तर डाव्या अंगठ्याची निदान तशी झलक आणा, जमेल तेवढीच. मग सावकाश सोडा. नंतर घोटा वरखाली, बोटं फाकवणं, मिटणं, घोट्याने गोल. चांगला पाय हलतो तेव्हा नसलेलाही हलवायचा प्रयत्न करायचा, नुसतं प्रेक्षक होऊन बसायचं नाही. घाई अजिबात नको. भराभर हलवलं की मेंदूला पटत नाही आणि पेटके येतात. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटं, सोसलं तर पंधरापर्यंत, रोज. चार आठवडे नेमाने केल्याशिवाय निकाल लावू नका.

काहींना मळमळतं, गरगरतं. काहींना गेलेला पाय 'परत' दिसल्यावर भरून येतं. म्हणून पहिल्या काही वेळा एकटं बसू नये. दुखणं वाढलं आणि थांबल्यावरही तासभर उतरलं नाही, तर तो दिवस सोडा आणि एक पायरी मागे या. मागची पायरी कोणती ते लिहितो.

आणि तुमच्या बाबतीत खास, बाबांचा डावा पायही मधुमेहाचाच आहे. रोज आरशापुढे तो उघडा होणारच आहे, तर त्याच वेळी तळवा, बोटांच्या बेचक्या, टाच नीट बघून घ्या. छोटासा फोड दिसला तरी व्यायाम बाजूला आणि डॉक्टरांकडे.

नसनस

शंकेखोर यांच्या प्रश्नावर. शंका रास्त आहे, आणि उत्तर 'हो, पण' असं आहे.

रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात आरशाचं खोकं वापरलं तेव्हा ती मोजक्या रुग्णांची निरीक्षणं होती. २००७ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर रीड सैनिकी रुग्णालयात पाय गमावलेल्यांवर एक नीट चाचणी झाली. तीन गट. एकाला आरसा, दुसऱ्याला कापडाने झाकलेला आरसा, तिसऱ्याला डोळे मिटून नसलेला पाय हलतोय अशी कल्पना. रोज पंधरा मिनिटं, चार आठवडे. आरशाच्या गटातल्या सहाही जणांचं दुखणं कमी झालं. झाकलेल्या आरशाच्या गटात एकाचंच कमी झालं, तिघांचं वाढलं. नुसत्या कल्पनेच्या गटात दोघांचं कमी, चौघांचं वाढलं. झाकलेला आरसा हा इथला खरा शहाणपणा. नुसता बोलबाला असता तर त्यांनाही बरं वाटायला हवं होतं.

'पण' असं की सगळे मिळून अठराच लोक. नंतर जर्मनीत २०१८ मध्ये ७५ जणांवर झालेल्या चाचणीत चार आठवड्यांनी आरसा हा आरशाविना केलेल्या तशाच व्यायामापेक्षा ठळकपणे सरस निघाला नाही. त्याच वर्षी कंबोडियात भूसुरुंगात पाय गमावलेल्या ४५ जणांवर चाचणी झाली. आरसा, स्टंपला स्पर्श देण्याचे उपचार, आणि दोन्ही मिळून, असे गट. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं. तिन्ही गटांत दुखणं निम्म्याहून खाली आलं आणि दोन्ही एकत्र करणाऱ्यांत सर्वात जास्त. माझं मत विचाराल तर आरसा ही जादू नाही आणि थोतांडही नाही. काहींना चांगला लागू पडतो, काहींना नाही, धोका कमी आहे, म्हणून करून बघण्यासारखा.

कोणाला कमी लागू पडतो याचा थोडा अंदाज आहे. काहींचा नसलेला पाय हळूहळू आखूड होत जातो, पाऊल थेट गुडघ्याला चिकटल्यासारखं वाटतं. अशांना आरशाचा फायदा कमी दिसलाय. आरशातलं पाऊल दूर दिसतं आणि जाणवतं जवळ, मग मेळ कसा बसणार?

शंकेखोर

झाकलेल्या आरशाचा मुद्दा पटला. तिसऱ्या गटातल्या चौघांचं कल्पनेने वाढलं, हे मात्र विसरणार नाही. कारण लोक सर्रास सांगतात की 'डोळे मिटून पाय हलवल्याची कल्पना करा, काय जातंय?'

खडूस_फिजिओ

बरोबर पकडलंत. त्यासाठीच पायऱ्या आहेत. ऑस्ट्रेलियन संशोधक लोरिमर मोझली यांनी २००६ मध्ये फँटम पेन आणि तशाच चिवट दुखण्यांच्या ५१ जणांवर तपासून पाहिलेली पद्धत अशी. दोन आठवडे फक्त डावं-उजवं ओळखणं, दोन आठवडे हालचालीची कल्पना, दोन आठवडे आरसा. एकूण सहा. नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा दुखणं जास्त उतरलं.

डावं-उजवं ओळखणं म्हणजे काय? पावलांचे वेगवेगळ्या कोनांतले फोटो, वरून, टाचेकडून, वाकडे, उलटे. एकेक बघायचा आणि चटकन सांगायचं, डावा की उजवा. मोबाइलवर ॲप मिळतात, पण घरच्यांच्या पावलांचे फोटो काढून छापले तरी चालतं. हे पोरखेळ वाटतं. पण फोटो ओळखताना मेंदू आपला पाय मनातल्या मनात त्या कोनात वळवून बघतो, तुम्हाला कळतही नाही. म्हणजे पाय न हलवता, कल्पनाही न करता, मेंदूतला पाय हलतो. म्हणून ज्यांना आरसा सोसत नाही त्यांच्यासाठी ही मागची पायरी. उजव्या पावलाचे फोटो ओळखायला डाव्यापेक्षा वेळ लागत असेल किंवा चुका जास्त होत असतील, तर अजून तिथेच थांबायचं. दोन्ही बाजू साधारण सारख्या आल्या की पुढे.

बाबांना सणक आणि आग बरीच आहे, त्यामुळे मी असतो तर इथूनच सुरुवात केली असती.

चालतीबोलती

आमच्या ह्यांचा पाय मांडीतून काढलाय, त्यामुळे थोडं घरचं लिहिते.

सुरुवातीला त्यांना स्टंपला पांघरुणाचा स्पर्शही सोसायचा नाही, इतकं हुळहुळं. तिथे फिजिओने आरसा वगैरे काही काढलं नाही. आधी मऊ सुती कापड, मग टॉवेल, मग जरा खरखरीत, रोज थोडं थोडं फिरवायचं. ते स्वतःच्या हाताने करायचे, मी केलं की दचकायचे. मग बोटांच्या टोकांनी हलकं थोपटणं. व्रण पूर्ण भरल्यावर त्याच्या कडेची कातडी बोटाने गोल गोल सैल करणं. दोन महिन्यांत कातडी माणसात आली म्हणायची.

दुसरं, बँडेज. गोल गोल गुंडाळायचं नाही, तिरपं, आठच्या आकड्यात, टोकाला जास्त घट्ट आणि वर सैल. उलटं झालं की सूज टोकाला साचते आणि ठणका वाढतो. नंतर आवळपट्टीचा मोजा आला तेव्हा सुटका झाली. रात्री कळ आली की तो मोजा चढवायचा, निम्म्या वेळा तेवढ्यावर भागायचं. नुसता दाब बसला तरी बरं वाटतं.

अजून एक. स्टंपखाली उशी घेऊन झोपायचं नाही, कितीही बरं वाटलं तरी. सांधा आखडतो आणि मग कृत्रिम पाय बसवताना रडायची वेळ येते. हे रोज थोडा वेळ पालथे झोपतात.

कोपऱ्यातून

आमच्याकडे एकांना गरम पाण्याच्या पिशवीने शेकून खूप आराम पडतो. करायला हरकत नसावी.

खडूस_फिजिओ

कोपऱ्यातून, मधुमेहात हरकत आहे! स्टंपची कातडी आधीच बधिर असू शकते, भाजल्याचं कळत नाही आणि जखम भरता भरत नाही. गरम पिशवी, शेक, तापलेला पॅड, काहीही थेट लावू नका. ऊब हवी असेल तर लोकरी मोजा घाला, नाहीतर पांघरुणात घ्या. ज्यांना मधुमेह नाही, रक्तपुरवठा चांगला आहे, कातडीला स्पर्श-उष्णता नीट कळते, त्यांचं वेगळं.

चालतीबोलती यांनी लिहिलेलं सगळं मान्य. बँडेजचं मात्र एकदा समोर बसून शिकून घ्या, लिहून कळत नाही. आणि मधुमेहात रक्तपुरवठा कमी असेल तर दाब किती द्यायचा हे डॉक्टरांनी ठरवायचं. मोजा घातल्यावर कातडी निळसर, पांढरी किंवा गार पडली तर लगेच काढा.

मुक्ताफळ

किती नीट लिहिलंत सगळ्यांनी! ज्येष्ठांना पारे आणि मिचेल वाचून दाखवले. "फ्रेंच लोकांना काय कळतंय" असं उत्तर आलं. असो.

टेन्सबद्दल कुणी सांगेल का? ओळखीतल्या एकांनी मशीन देऊ केलंय.

नसनस

टेन्सवर २०१० आणि पुन्हा २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या पद्धतीने शोध घेतला गेला. फँटम पेन आणि स्टंपच्या दुखण्यावर टेन्सची एकही नीट चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी सापडली नाही. म्हणजे 'चालत नाही' असं सिद्ध झालेलं नाही, तपासलंच गेलेलं नाही. काहींना मशीन चालू असेपर्यंत बरं वाटतं, हे मात्र खरं.

खडूस_फिजिओ

आणि ओळखीतल्यांचं मशीन तसंच लावू नका. पेसमेकर असेल तर नाही, जखमेवर किंवा बधिर कातडीवर नाही, गळ्याच्या पुढच्या बाजूला कधीच नाही. बधिर जागी माणूस करंट वाढवत नेतो आणि कातडी भाजते. बाबांच्या स्टंपवर हलका आणि टोकदार स्पर्श नीट कळतो का, हे आधी तपासून घ्यावं लागेल. काही जण चांगल्या पायावर त्याच जागी पॅड लावतात, तेही करता येतं, पण पहिल्यांदा कुणाच्या तरी देखरेखीखाली.

टेन्सपेक्षा मला स्पर्श ओळखण्याचा सराव जास्त आवडतो. फ्लोर यांच्याच गटाने २००१ मध्ये स्टंपवर इलेक्ट्रोड लावून, कुठे आणि कसला ठोका बसला हे ओळखायला लावलं. रोज दीड तास, दोन आठवड्यांत दहा दिवस. दुखणं उतरलं आणि मेंदूतला नकाशाही सावरला. घरची आवृत्ती सोपी. स्टंपवर पेनने पाच-सहा ठिपके काढा, त्यांना आकडे द्या. बाबांनी डोळे मिटायचे. तुम्ही कधी पेनाच्या टोपणाने, कधी बोटाने एका ठिपक्यावर स्पर्श करायचा. त्यांनी आकडा आणि वस्तू, दोन्ही सांगायचं. चुकलं तर उघड्या डोळ्यांनी पुन्हा. इथे लक्ष देणं हेच औषध आहे. गप्पा मारत, टीव्ही बघत चोळलेल्या स्टंपने हे होत नाही.

एकहाती

कृत्रिम हातापायाचंही कुणीतरी लिहा ना. माझा आधीचा हात नुसता दिसायला होता, दुखण्यात काडीचा फरक नाही. स्नायूंच्या इशाऱ्यावर उघडमीट करणारा आला आणि मी तो खरोखर वापरायला लागलो, तेव्हा मूठ वळण्याचं प्रमाण बरंच घटलं.

नसनस

तुमचा अनुभव १९९९ च्या एका जर्मन अभ्यासाशी जुळतो. स्नायूंच्या विद्युत संकेतांवर चालणारा हात जे भरपूर वापरत होते त्यांच्यात दुखणं आणि मेंदूतला बदल, दोन्ही कमी दिसले. अर्थात ज्याला कमी दुखतं तोच हात जास्त वापरतो, असंही असू शकतं. कोंबडी आधी की अंडं.

याच्या पुढची पायरी म्हणजे २०१६ मध्ये स्वीडनच्या मॅक्स ऑर्टिझ-कातालान यांच्या गटाने केलेलं काम. स्टंपच्या स्नायूंचे संकेत वाचून पडद्यावरचा हात हलवायचा. म्हणजे आरशासारखी चांगल्या हाताची नक्कल नाही, नसलेल्या हाताचाच हुकूम. बाकी काहीच लागू न पडलेले १४ जण, बारा सत्रं, आणि दुखणं जवळपास निम्म्यावर. पण तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता, हे शंकेखोर यांनी विचारायच्या आधीच सांगतो.

शंकेखोर

विचारणारच होतो.

चालतीबोलती

पायाच्या बाबतीत सॉकेट नीट बसलं नाही तर चालण्याने दुखणं वाढतं, हे आमच्याकडे चांगलंच भोगून झालंय. स्टंप पहिलं वर्षभर बारीक होत जातो, सॉकेट तेच राहतं. मोज्यावर मोजे चढवून भागवायचं नाही, सॉकेट बदलून घ्यायचं. काढल्यावर एखाद्या जागी लाली दिसली आणि दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही, की तिथे दाब पडतोय समजायचं.

वाटसरू

संमोहन, श्वासाचे व्यायाम, समुपदेशन यांचा काही उपयोग? की ते पुन्हा 'मनाचे खेळ'?

खडूस_फिजिओ

उपयोग आहे, फक्त कशासाठी ते ओळखून. ताण आणि अपुरी झोप यांनी फँटम पेन वाढतं. तेव्हा झोप सुधारली, स्नायू सैल सोडता आले, 'आता रात्र येणार' ही धास्ती कमी झाली, तर दुखणंही उतरतं. वांब येणाऱ्यांसाठी एक घरगुती व्यायाम. स्टंपचे स्नायू पाच सेकंद आवळायचे, दहा सेकंद पूर्ण सोडायचे, त्याच बाजूच्या मांडीपासून सुरुवात करून खाली. सोडण्यावर भर द्यायचा, आवळणं फक्त फरक कळावा म्हणून. संमोहनाने काहींना आराम पडल्याचं दिसलंय, पण मोठ्या चाचण्या नाहीत. आणि पाय गेल्याचं दुःख असतंच. त्याबद्दल बोलायला कुणीतरी लागतं, दुखो वा न दुखो.

मुक्ताफळ

थोडी खबरबात. बाबांना तपासून घेतलं. स्टंपच्या बाहेरच्या बाजूला, नडगीच्या टोकापासून चार बोटं वर टिचकवलं की सणक थेट करंगळीत जाते, दर वेळी. म्हणजे ती एक सणक वेगळी निघाली. सोनोग्राफी सांगितलीय. पिळणं आणि आग मात्र त्या जागेशी संबंधित नाहीत, त्यामुळे तोवर फोटो ओळखणं सुरू केलंय. डाव्या पावलाचे फोटो झटकन सांगतात, उजव्याला अडखळतात. मग चिडतात आणि म्हणतात, "हा फोटोच चुकीचा आहे."

खडूस_फिजिओ

चिडणं चांगलं लक्षण, लक्ष देताहेत. एका वेळी वीस-तीस फोटोंवर थांबा, दिवसातून दोन-तीनदा.

गाठ निघाली तर इंजेक्शनपासून शस्त्रक्रियेपर्यंत पर्याय आहेत. त्यात कापलेल्या नसेचं टोक जवळच्या स्नायूच्या नसेला जोडून तिला नवं काम देण्याची शस्त्रक्रियाही येते, तिला टीएमआर म्हणतात. ते सर्जनचं क्षेत्र. पण विचारा, 'टीएमआर होतं का' एवढं विचारलं तरी त्यांना कळेल.

एक वही ठेवा. रोज दहापैकी किती दुखलं, कोणत्या प्रकाराने (पिळणं, आग, सणक), किती वेळ, आणि त्या दिवशी वेगळं काय झालं. 'कमी आहे की जास्त' असं विचारलं की सगळेच कालच्या रात्रीवरून उत्तर देतात. आणि पुढे कधी, सगळं शांत झाल्यावर वर्षभराने, दुखणं अचानक नव्याने उसळलं, तर त्याला जुनंच फँटम समजून घरी आरसा काढू नका. स्टंप, रक्तपुरवठा, कंबरेतली दबलेली नस, हे सगळं तपासून घ्या.

दोनाचार

उशिरा आलो धाग्यावर. माझ्या भावाचे दोन्ही पाय गेलेत, गुडघ्याखालून. आरशात दाखवायला चांगला पायच नाही. त्याच्यासाठी यातलं काय?

नसनस

दोन्ही पाय गमावलेल्यांनी समोर बसलेल्या दुसऱ्या माणसाचे पाय हलताना बघायचे आणि तशीच हालचाल मनाने करायची, यावर २०१४ मध्ये एक अभ्यास झालाय. दुखणं कमी झालं. म्हणजे समोर तुम्ही बसा.

खडूस_फिजिओ

आणि बसताना त्याच्यासमोर तोंड करून नको, शेजारी बसा, त्याच दिशेला तोंड करून, म्हणजे डावं-उजवं उलटं होत नाही. आधी फोटो ओळखणं, स्पर्श ओळखणं, स्नायू सैल सोडणं. यांना चांगला पाय लागतच नाही. हे सोसलं की मग तुमचे पाय, अगदी सावकाश. त्याने सांगायचं कोणती हालचाल आणि कधी थांबायचं. दोन्ही बाजूंचं दुखणं सारखं आहे की एका बाजूला जास्त? ते लिहा, मग कुठून सुरू करायचं ते सांगतो.